घरच्या हाय-फाय संचातील डॅक बदलताना

मोबाइल, संगणक, टीव्ही किंवा सीडी प्लेअर यांतील संगीत आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. स्पीकरचा पडदा हलवायला मात्र सतत कमीजास्त होणारा विद्युत दाब लागतो. आकड्यांपासून हा दाब तयार करणाऱ्या भागाला डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, म्हणजेच बोलीभाषेत डॅक, म्हणतात. डॅक ही काही खास शौकिनांची चीज नव्हे. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमागे, ब्लूटूथ स्पीकरच्या पोटात, टीव्हीमध्ये आणि सीडी प्लेअरमध्ये तो असतोच, त्यामुळे वेगळा डॅक विकत न घेतलेल्या घरातही तो चार-सहा ठिकाणी काम करत असतो. हा लेख अशा नवख्या वाचकांसाठी आहे, ज्यांच्याकडे एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची एक जोडी आहे आणि ज्यांना संचात स्वतंत्र डॅक बसवायचा किंवा जुना बदलायचा आहे. माझे मत आरंभीच सांगतो: तक्रार नेमकी ठाऊक असेल तर डॅक बदलणे हा स्वस्त आणि पक्का उपाय आहे, तक्रार ठाऊक नसेल तर तेच पैसे अन्यत्र अधिक कामी येतात.

पहिली पायरी : साखळी कागदावर मांडावी

एका कागदावर गाणे जिथून निघते तिथपासून स्पीकरपर्यंतची सर्व यंत्रे ओळीने लिहावीत, दोन यंत्रांमधली केबल कोणत्या प्रकारची आहे तेही लिहावे आणि आकड्यांचे विद्युत दाबात रूपांतर कोणत्या ठिकाणी होते तिथे खूण करावी. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ॲम्प्लिफायरच्या लाल-पांढऱ्या (आरसीए) सॉकेटमध्ये वायर जात असेल तर रूपांतर लॅपटॉपमध्ये होते. टीव्हीतून ऑप्टिकल केबल थेट ॲम्प्लिफायरमध्ये जात असेल तर ते ॲम्प्लिफायरमध्ये होते, आणि मग वेगळा डॅक घेण्यापूर्वी आपल्याकडे एक डॅक आधीच आहे हे ध्यानात घ्यावे.

एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही आणि अनेक स्पीकर एकत्र सांभाळणारा ॲम्प्लिफायर, वापरणाऱ्यांनी इथे विशेष थांबावे. बहुसंख्य रिसीव्हर ॲनालॉग सॉकेटमधून आलेला आवाज पुन्हा आकड्यांत बदलतात, कारण सबवूफरकडे खर्ज वळवणे, खोलीनुसार आवाज दुरुस्त करणे ही कामे ते आकड्यांवरच करतात. त्यानंतर त्यांचा स्वतःचा डॅक ते आकडे परत विद्युत दाबात आणतो. म्हणजे आपण हौसेने आणलेल्या महागड्या डॅकचे काम उलटवून शेवटचा हात रिसीव्हरच मारतो. 'प्युअर डायरेक्ट' किंवा तत्सम मोड चालू केल्यास पुष्कळ मॉडेलांत हा फेरा टळतो, पण तेव्हा सबवूफर आणि खोलीची दुरुस्ती दोन्ही बंद पडतात, आणि हा सौदा सहसा तोट्याचा ठरतो. ज्या ॲक्टिव्ह, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेल्या, स्पीकरांत डिजिटल प्रोसेसिंग असते त्यांनाही हेच लागू आहे. अशा संचाला डिजिटल जोडणीनेच सिग्नल द्यावा आणि बाहेरच्या डॅकचा विचार सोडून द्यावा.

दुसरी पायरी : तक्रार नेमक्या शब्दांत लिहावी

'आवाजात जान नाही' ही तक्रार नव्हे. 'माउस हलवला की स्पीकरमध्ये बारीक किरकिर येते' ही तक्रार आहे, आणि तिच्यावर डॅक हा खरोखरच उपाय आहे, कारण लॅपटॉपच्या आतल्या विद्युत गोंगाटापासून ॲनालॉग भाग दूर नेणे हे बाहेरच्या डॅकचे मोठे काम. डॅक घेण्याची आणखीही खरी कारणे असतात. नव्या टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट असते आणि जुन्या ॲम्प्लिफायरला फक्त ॲनालॉग सॉकेट असतात. मोबाइलला हेडफोन जोडायच्या डोंगलमधून (इवल्या अडॅप्टरमधून) साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो, तर स्वतंत्र डॅक दोन व्होल्ट देतो, त्यामुळे जुन्या ॲम्प्लिफायरचा नॉब पार शेवटपर्यंत फिरवावा लागत असेल तर तो त्रास संपतो. सीडी प्लेअरच्या ॲनालॉग भागात बिघाड झाला असेल, पण चकती नीट फिरत असेल आणि मागे डिजिटल आउटपुट असेल, तर बाहेरच्या डॅकने तो प्लेअर पुन्हा कामाला लागतो.

याउलट खर्ज घुमतो, गायकाचा आवाज एका बाजूला ओढल्यासारखा वाटतो, वरच्या पट्टीतले सूर टोचतात, या तक्रारी जवळजवळ नेहमी स्पीकर आणि खोली यांच्या असतात. यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. सीडीच्या १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल असते. आजचे साधे, नीट बनवलेले डॅक ११० ते १२० डेसिबलपर्यंत स्वच्छ काम करतात. घरातली रात्रीची शांत खोलीही तीसेक डेसिबलची असते आणि पंखा लावला की ती पातळी आणखी वर जाते. आपण ऐकतो तो मोठ्यात मोठा आवाज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात असेल, तर ऐकण्याजोगे अंतर पन्नास-पंचावन्न डेसिबलच उरते. स्पीकर तर खर्जात सहज एक टक्का विकृती निर्माण करतो, म्हणजे मूळ आवाजाच्या केवळ ४० डेसिबल खाली. एवढी तफावत असताना डॅकच्या शेवटच्या दशांशावर पैसे घालण्याऐवजी स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे घ्यावेत, दोन्ही स्पीकर आणि बसण्याची जागा यांचा समभुज त्रिकोण साधावा, समोरच्या मोकळ्या फरशीवर जाड सतरंजी टाकावी. याला फारसा खर्च नाही, आणि फरक शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतो.

डॅकमधले फरक नेहमीच इतके नगण्य होते असे मात्र नाही. १९८२ मध्ये पहिले सीडी प्लेअर आले तेव्हा सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये डाव्या आणि उजव्या बाजूसाठी मिळून एकच १६ बिटांचा डॅक आळीपाळीने वापरला होता, तर फिलिप्सने १४ बिटांच्या चिपला चौपट ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे मधले आकडे हिशोबाने भरून ते चौपट वेगाने पुरवण्याची, जोड देऊन १६ बिटांच्या तोडीचे काम करून घेतले होते. अशा तडजोडींच्या त्या काळात डॅक बदलणे म्हणजे आवाज बदलणे, ही समजूत रूढ झाली. चिपा कमालीच्या सुधारल्या तरी ती टिकून आहे.

तिसरी पायरी : निवड

निवड करताना आधी मागची बाजू पाहावी. कागदावरच्या साखळीत जी यंत्रे आहेत त्यांना लागणारी सर्व सॉकेटे डॅकवर असावीत: संगणकासाठी यूएसबी, टीव्हीसाठी ऑप्टिकल, सीडी प्लेअरसाठी कोॲक्सिअल. ॲम्प्लिफायरला फक्त आरसीए सॉकेट असतील तर एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या, आउटपुटसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ॲम्प्लिफायरला रिमोट नसेल तर रिमोटवर आवाज कमीजास्त करता येणारा डॅक घ्यावा. रोजच्या वापरात ही सोय कोणत्याही चिपपेक्षा जास्त सुख देते.

चिपच्या नावावर जाहिराती रंगतात, पण त्या नावाला फार महत्त्व देऊ नये. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील, डॅकच्या चिपा बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि तिच्या चिपांचा तुटवडा झाला. तेव्हा अनेक उत्पादकांनी आपली मॉडेले ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपवर नव्याने आणली आणि ती पूर्वीइतकीच चांगली मोजली गेली. चिपभोवतीचा वीजपुरवठा, आकड्यांचा ठेका राखणारे घड्याळ (क्लॉक) आणि आउटपुटचा भाग कसा बांधला आहे यावर परिणाम ठरतो. त्यामुळे ज्या मॉडेलची स्वतंत्र मोजमापे उपलब्ध आहेत ते पसंत करावे.

एका प्रकाराबाबत सावध राहावे. ओव्हरसॅम्पलिंग न करणारे, एनओएस म्हणवले जाणारे डॅक 'ॲनालॉगसारखा मऊ आवाज' म्हणून विकले जातात. ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे असलेल्या सीडीच्या रेकॉर्डिंगवर, वेगळी दुरुस्ती केलेली नसेल तर, त्यांचा आवाज २० किलोहर्ट्झपाशी सुमारे तीन डेसिबल खाली येतो, आणि हा मऊपणा बव्हंशी त्या उताराचाच असतो. तो आवडण्यात काही गैर नाही. मात्र तो ॲम्प्लिफायरच्या ट्रेबल नॉबवर जवळपास फुकट मिळतो.

मोबाइल किंवा लॅपटॉपपुरता डॅक हवा असेल तर यूएसबी-सी डोंगलपासून आरंभ करावा. टॉपिंग, एसएमएसएल, फियो या चिनी कंपन्यांचे किंवा केंब्रिज ऑडिओ या ब्रिटिश कंपनीचे टेबलावर ठेवायचे डॅक त्यापुढचे. पहिल्या खरेदीसाठी दहा हजार रुपयांच्या आसपासची मर्यादा ठेवावी, असे मी सुचवेन. भारतातली वॉरंटी आणि माल परत करण्याची मुदत ही दोन्ही बिलावर लिहून घ्यावीत. परदेशातून परस्पर मागवलेला डॅक बिघडला तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून स्वस्ताई संपते.

चौथी पायरी : जोडणी

सर्व यंत्रे बंद करावीत आणि ॲम्प्लिफायरचा नॉब शून्यावर आणावा. सुरू करताना ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा क्रम पाळला म्हणजे डॅक चालू-बंद होतानाचा 'ठप्प' आवाज स्पीकरपर्यंत पोहोचत नाही.

ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवर प्लास्टिकची पारदर्शक टोपी असते. ती काढल्याशिवाय पिन आत बसत नाही, आणि नवखा माणूस नेमका इथे जोर लावून सॉकेटची झडप मोडतो. टोपी काढावी, पिनेची चपटी बाजू पाहून ती सरळ आत ढकलावी. बारीकसा 'टक' आवाज आला की ती बसली. टीव्ही चालू करून केबलचे मोकळे टोक तळहातावर धरल्यास लाल ठिपका दिसायला हवा. तो दिसत नसेल तर दोष डॅककडे नाही. ही केबल आवळून दुमडू नये. कोॲक्सिअलसाठी ७५ ओहमची केबल लागते आणि जुन्या व्हिडिओ प्लेअरसोबत येणारी पिवळ्या पिनेची वायर ते काम व्यवस्थित करते. यूएसबीसाठी डॅकसोबत आलेली वायर पुरे. हजारो रुपयांच्या डिजिटल केबलमुळे तानपुरा अधिक गोड वाजत नाही.

डॅकचा आउटपुट ॲम्प्लिफायरच्या 'सीडी', 'ऑक्स' किंवा 'लाइन' लिहिलेल्या सॉकेटमध्ये जोडावा. लाल पिन उजवीकडची, पांढरी किंवा काळी डावीकडची. 'फोनो' लिहिलेल्या सॉकेटमध्ये चुकूनही जोडू नये, कारण ते रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असते आणि दोन व्होल्ट दिल्यास आवाज भयंकर फाटतो.

ज्या डॅकवर आवाजाचा नॉब आहे त्यात बहुधा दोन मोड असतात. आवाज ॲम्प्लिफायरच्या नॉबने ठरवायचा असेल तर डॅकचा आउटपुट स्थिर, म्हणजे 'लाइन' किंवा 'डॅक' मोडवर ठेवावा. डॅक थेट नॉब नसलेल्या पॉवर ॲम्प्लिफायरला किंवा तशाच ॲक्टिव्ह स्पीकरना जोडणार असाल, तर 'प्री' मोड निवडून आवाज आधी तळाला आणावा आणि मगच वायर लावावी. या एका ठिकाणी घाई केली तर स्पीकर जळू शकतो.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईसारख्या दमट किनारी शहरांत राहणाऱ्यांसाठी एक पुरवणी. दोन-तीन पावसाळे काढलेल्या आरसीए सॉकेटवर काळपट थर चढतो आणि एका बाजूचा आवाज मधूनच जातो किंवा पिन हलवली की खरखरतो. नवा डॅक घेण्याचे ठरवण्याआधी यंत्रे बंद करून सॉकेट आणि पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, पिना थोड्या फिरवत चार-पाच वेळा आतबाहेर कराव्यात. पुष्कळदा तक्रार इथेच मिटते.

पाचवी पायरी : सोर्सची मांडणी

टीव्हीला डॅक जोडला आणि काहीच ऐकू आले नाही, तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधे, न आवळलेले आकडे) करावा. तो 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो'वर असताना टीव्ही डॉल्बीचा सिग्नल पाठवू शकतो आणि साध्या स्टिरिओ डॅकला तो उलगडता येत नाही. टीव्ही जोडलेला असताना डॅकच्या पडद्यावर ४८ किलोहर्ट्झचा दर (सेकंदाला ४८,००० आकडे) दिसणे स्वाभाविक आहे.

विंडोज १० मध्ये २०१७ पासून आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत यूएसबी डॅकसाठी लागणारा ड्रायव्हर अंगचाच असतो. मॅक आणि लिनक्सला तो पूर्वीपासून आहे. विंडोज सर्व प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळते आणि ते ठरलेल्या एका दराला आणते. त्याने कानाला जाणवेल असे नुकसान सहसा होत नाही, परंतु मूळ दर जसाच्या तसा पाठवायचा असेल तर फूबारसारख्या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये ही मिसळण टाळणारा 'वासापी एक्सक्लुझिव्ह' आउटपुट निवडावा. मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये हा दर हाताने निवडावा लागतो. अँड्रॉइड फोन बहुधा सर्व काही ४८ किलोहर्ट्झला नेतात. डॅकच्या पडद्यावर दर दिसत असेल तर सीडीवरून उतरवलेले गाणे लावून तो ४४.१ दाखवतो का ते पाहावे. सर्व सेटिंग तपासण्याचा हा सोपा मार्ग आहे.

सहावी पायरी : घूं आवाजाचा शोध

नवा डॅक लावल्यावर स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा सलग आवाज येऊ लागला, तर तो बहुतेक वेळा भारतातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा किंवा तिच्या दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो. तो ग्राउंड लूपमुळे येतो: दोन यंत्रांना अर्थिंग दोन वेगवेगळ्या वाटांनी मिळते आणि त्या वाटांमधला क्षुल्लक विद्युत दाब सिग्नलच्या वायरमधून वाहू लागतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर वाट सापडली. तो थांबला नाही तर सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलची किंवा डिशची वायर काढून पाहावी, कारण ती गच्चीवरून स्वतःचे अर्थिंग घेऊन येते. त्यानंतर सर्व यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावीत. टीव्ही असेल तर ऑप्टिकल जोडणी हा रामबाण उपाय, कारण काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून वीज वाहत नाही.

तिसऱ्या पिनेवर टेप लावून किंवा ती तोडून हा आवाज घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. ती पिन यंत्राचे बाह्य आवरण जिवंत झाले तर आपला जीव वाचवते. जुन्या इमारतींत भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग कित्येकदा नावापुरतेच असते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग आणि न्यूट्रल यांच्यातला दाब मोजून घ्यावा, आणि तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी त्याची दुरुस्ती करून घ्यावी.

सातवी पायरी : जुन्या-नव्याची तुलना

दोन डॅकपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा असतो तोच चांगला वाटतो, आणि तो मोठा आहे हे कानाला कळतही नाही. ते 'अधिक स्पष्ट', 'अधिक भरदार' असे भासते. जुना डॅक दोन व्होल्ट देत असेल आणि नवा २.४ व्होल्ट, तर फरक सुमारे १.६ डेसिबलचा झाला, आणि तेवढ्यावर तुलना निकालात निघते. एक्सएलआर आउटपुट बहुधा आरसीएच्या दुप्पट, म्हणजे सहा डेसिबल मोठा असतो.

म्हणून आधी पातळी जुळवावी. ६० हर्ट्झचा अखंड सूर असलेली फाइल लावावी, साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवावा, आणि ॲम्प्लिफायरचा नॉब मध्यम जागी असताना स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर वाचन घ्यावे. दोन टोके एकमेकांना लागणार नाहीत याची काळजी घ्यावी. ६० हर्ट्झच का, तर स्वस्त मल्टिमीटर विजेच्या आसपासच्या कंपनसंख्येवरच भरवशाचे असतात आणि एक किलोहर्ट्झवर चुकीचे आकडे दाखवू शकतात. ॲम्प्लिफायरचा नॉब जागचा न हलवता, जो डॅक मोठा वाजतो त्याचा आवाज सोर्समधून किंवा त्याच्या स्वतःच्या नॉबवरून इतका कमी करावा, की दोन्ही वाचनांत एक टक्क्याहून अधिक फरक राहणार नाही. एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डेसिबल.

ऐकण्यासाठी ओळखीचे रेकॉर्डिंग घ्यावे. माझ्या मते संथ लयीतल्या ख्यालाचा आरंभ यासाठी उत्तम. गायक थांबल्यावर मागे उरलेल्या तानपुऱ्याच्या जवारीचे स्वर एकमेकांत मिसळत असताना वेगळे ओळखू येतात का, डग्ग्यावरची घसीट शेवटपर्यंत ऐकू येते का, हे दोन प्रश्न पुरेत. जुन्या मैफलींच्या फितीवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणावर मात्र निर्णय करू नये. फितीचाच सळसळाट डॅकच्या गोंगाटाहून कित्येक पट मोठा असतो.

मग घरातल्या कोणाला तरी आपल्या नजरेआड राहून, नाणे उडवून डॅक बदलायला सांगावे आणि प्रत्येक वेळी कोणता वाजतो ते ओळखून लिहावे. सोळापैकी बारा वेळा बरोबर ओळखले तर निव्वळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणजे फरक खरा मानायला हरकत नाही. आठ-नऊ वेळा बरोबर आले तर ती नाणेफेकच समजावी. हा खटाटोप माल परत करण्याच्या मुदतीत उरकावा, आणि फरक ओळखू आला नाही, तसेच दुसऱ्या पायरीत लिहिलेली तक्रार जुन्या डॅकवरही उरलेली नसेल, तर नवा डॅक मूळ खोक्यात भरून विक्रेत्याकडे परत पाठवावा.